सकाळी पिकअप सुरू होत नाही, पंप उतरवायच्या आधी काय काय तपासू?

बांधावरून
नमस्कार मंडळी. गाडी २००९ची डिझेल पिकअप. २.५ लिटर, डिझेलचा रोटरी पंप, कॉमन रेल नाही, सेन्सर-बिन्सरची भानगड नाही. किलोमीटरचा काटा कधीच बंद पडलाय, त्यामुळे खरं रनिंग देवाला ठाऊक. क्रेट, खताच्या गोण्या, कधी कांदा, कधी गावातलं वऱ्हाड, सगळं ओढलंय तिनं.

दुखणं असं: रात्रभर उभी राहिली की सकाळी सेल्फ नुसता फिरत राहतो. बॅटरी मलूल व्हायला आली की कुठे एकदा खोकते आणि मग धरते. धरली की दोन मिनिटं लंगडते, नंतर एकदम झकास. दिवसभर कितीही वेळा बंद करा, अर्ध्या सेल्फला सुरू. सध्या आमच्या निफाडकडे थंडी कडक आहे, त्यामुळे जो तो म्हणतो थंडीमुळेच.

गावातल्या गॅरेजवाल्याने बोनेट न उघडताच सांगितलं, पंप गेला, उतरवून बेंचवर न्यावा लागेल, अठरा-वीस हजार धरून चाला. दुसरा म्हणतो चारही हीटर (ग्लो प्लग) टाका. तिसरा म्हणतो बॅटरी. फेब्रुवारीत द्राक्षाचा माल सुरू होईल, त्याआधी गाडी भरवशाची हवी. घरी पान्यांचा सेट, मल्टिमीटर, जॅक आहे. कुठून सुरुवात करू?

तात्पुरता
हल्ली सगळ्या जुन्या गाड्यांना हाच त्रास आहे. इथेनॉल मिसळतात ना, ते ई-२०. रबर खातं.

गॅरेजची_धूळ
ई-२० पेट्रोलमध्ये. ही डिझेल गाडी आहे. धागा पहिल्याच प्रतिसादात पेट्रोल पंपावर नेऊ नका राव.

बांधावरून, एकाच प्रश्नाचं उत्तर द्या. सकाळी सेल्फ मारताना मागे सायलेन्सरमधून धूर येतो का? येत असेल तर कुठल्या रंगाचा? स्वतः केबिनमध्ये बसून आरशात बघू नका, कुणाला तरी मागे उभं करा.

रानमेवा
आमच्याकडे ट्रॅक्टरला वडील चिंधी डिझेलमध्ये बुडवून पेटवायचे आणि एअर क्लिनरच्या तोंडाशी धरायचे. पटकन उठायचा.

गॅरेजची_धूळ
उठायचा, आणि एखाद्या दिवशी एअर क्लिनरही पेटायचा. तो स्प्रेचा डबा मिळतो तोही नको. त्यात ईथर असतं. हीटर लाल असताना आत गेला की पिस्टन वर यायच्या आधीच भडकतो. रिंगा तुटलेली इंजिनं उघडली आहेत मी.

अनुजा_वायरिंग
धुराचं उत्तर येईपर्यंत बॅटरी मोजून टाका, म्हणजे तो वाद तरी मिटेल. रात्रभर उभ्या गाडीला सकाळी १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली, १२.० म्हणजे जवळजवळ रिकामी. मग सेल्फ फिरत असताना बघा. ९.६च्या वर टिकली तर बॅटरीला दोष देऊ नका.

अजून एक. मीटरची काळी वायर बॅटरीच्या मायनसला, लाल वायर थेट इंजिनच्या अंगाला, रंग नसलेल्या जागी. आता सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टच्या वर दाखवलं तर इंजिनची अर्थ पट्टी सडली आहे. शंभरातली ही पट्टी बदलायची सोडून लोक सेल्फ उघडून बसतात.

बांधावरून
काका, धाकट्याला मागे उभं केलं होतं. सेल्फ मारताना धूर अजिबात नाही. काहीच नाही. शेवटी धरते तेव्हा पांढरा भपका येतो आणि मग बंद.

अनुजाताई, उभी १२.५, सेल्फवर १०.३. इंजिन ते बॅटरी ०.२. चालू झाल्यावर १४.१.

अनुजा_वायरिंग
मग विजेच्या बाजूने फक्त स्टॉप सोलेनॉइड उरला, म्हणजे पंपाचं डिझेल चालू-बंद करणारा विजेचा झडप. किल्ली ऑन केली की पंपावर "टक" आवाज येतो का?

बांधावरून
येतो. हाताला पण लागतो.

गॅरेजची_धूळ
झालं तर. हीटर टाकायचे पैसे वाचले.

डिझेल इंजिन तीन गोष्टींवर चालतं. दाब, उष्णता आणि वेळेवर आलेलं डिझेल. सिलेंडरमध्ये डिझेल जातंय पण पेटत नाही, तेव्हा न जळलेल्या डिझेलचा पांढरा धूर बाहेर येतो, डोळे चुरचुरतात. हीटर गेले, कॉम्प्रेशन कमी झालं, टायमिंग मागे गेलं, या तिन्हींत सेल्फ मारताना पांढरा धूर दिसतो. काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. निळा म्हणजे ऑइल. आणि धूरच नाही, याचा अर्थ आत डिझेलच पोचत नाही. जे आत गेलंच नाही ते हीटर काय पेटवणार?

तुमची गाडी रात्री डिझेल सोडते. लाइनमध्ये कुठून तरी हवा शिरते, डिझेल घरंगळत टाकीत परत जातं, आणि सकाळी पंपाला आधी ती हवा ओढून संपवावी लागते. दिवसभर लाइन भरलेली असते म्हणून त्रास नाही. शेवटी धरताना आलेला पांढरा भपका म्हणजे उशिरा पोचलेलं डिझेल.

तपासायला खर्च शून्य. उद्या सकाळी किल्ली लावायच्या आधी फिल्टरच्या डोक्यावरचा हात पंप दाबा. मऊ लागला तर घट्ट होईपर्यंत दाबत राहा. मग सेल्फ मारा.

घाटवाट
आणि रात्री गाडी कशी लावता? तोंड चढाला की उताराला? माझ्या टेम्पोला हेच झालं होतं. तोंड उताराला लावली की सकाळी लगेच सुरू, चढाला लावली की बोंब. टाकी मागे, इंजिन पुढे. पुढचं टोक खाली असलं की डिझेल मागे जात नाही.

बांधावरून
घाटवाट, तुम्ही आमच्या अंगणात येऊन गेलात की काय! शेडमध्ये तोंड चढालाच असतं. लग्नाला गेलो होतो तिथे उताराला लावली होती, सकाळी पाव्हण्यांसमोर एका सेल्फला सुरू झाली. तेव्हा वाटलं जागेचा गुण.

काका, हात पंप एकदम मऊ होता. घट्ट होईपर्यंत दाबला, सेल्फ मारला, झटक्यात सुरू. लंगडली पण नाही.

तात्पुरता
मग रोज सकाळी दाबा की. विषय संपला.

गॅरेजची_धूळ
रोटरी पंपाच्या आतल्या भागांना वंगण डिझेलचंच असतं. रोज सकाळी कोरडा फिरवला तर आज जो पंप चांगला आहे तो खरोखरच अठरा हजारांना जाईल. तेव्हा नाही.

आता भोक शोधायचं. इथे लोक फसतात, कारण ते ओल शोधतात. या गाडीत टाकीपासून पंपापर्यंत सगळी लाइन ओढीवर आहे. पंप डिझेल ओढून घेतो, मागून कुणी ढकलत नाही. उसाच्या रसाच्या नळीला बारीक चीर असली तर रस बाहेर गळत नाही, नुसती हवा तोंडात येते, तसं. थेंबही दिसणार नाही कदाचित. म्हणून कपड्याने पुसून, बोट फिरवून "सगळं कोरडं आहे" असं सांगू नका.

एक फूट पारदर्शक नळी आणा. पंपात जाणाऱ्या पाइपच्या जागी तात्पुरती लावा. गाडी चालू करून बघा, बुडबुडे दिसतील. फक्त तपासणीपुरती, हं. साधी पारदर्शक नळी डिझेलने काही दिवसांत लाकडासारखी कडक होते.

ओहायोकर
इथली पद्धत वेगळी आहे म्हणून भर घालतो. माझ्याकडे १९९८ची पेट्रोल पिकअप आहे. तिचा पंप टाकीत, विजेवर चालणारा, म्हणजे लाइनमध्ये कायम दाब. भोक पडलं की पेट्रोल बाहेर उडतं, शोधायला सोपं पण जास्त धोक्याचं. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्याने खालचे सगळे लोखंडी पाइप खाल्ले जातात. टाकीतला पंप बदलायचा तर टाकी खाली उतरवण्यापेक्षा हौद्याचे बोल्ट सोडून चार मित्रांना बोलावून हौदा उचलणं सोपं. बोल्ट गंजलेले नसतील तर. ते असतातच.

डिझेलवाल्यांसाठी: अमेरिकेत २००६ साली डिझेलमधलं गंधक १५ पीपीएमवर (दहा लाखात पंधरा भाग) आणलं, तेव्हा जुन्या गाड्यांच्या रबरी सील गळायला लागल्याच्या तक्रारी आल्या होत्या. त्या डिझेलमध्ये गंधकासोबत इतर काही घटकही कमी झाले, त्यामुळे वर्षानुवर्षं फुगून बसलेलं जुनं रबर आकसलं. नवीन सील टाकली की प्रश्न मिटत असे.

अनुजा_वायरिंग
आपल्याकडे २०२०पासून बीएस-६ डिझेल, १० पीपीएम. म्हणजे २००९च्या गाडीचं मूळ रबर अजून तसंच असेल तर संशयितांच्या यादीत घ्यायला हरकत नाही. त्यात थंडी, म्हणजे कडक झालेलं रबर अजून कडक. "थंडीमुळे" म्हणणारे अगदीच चूक नव्हते म्हणायचे.

बांधावरून
नळी लावली. चालू केल्यावर बुडबुड्यांची माळ. रेस केली की जास्त.

डिझेल फिल्टर नवीन टाकला, त्याची वरची सील डिझेलचा हात लावून बसवली. हात पंपाच्या खालची वायसर पण बदलली. बुडबुडे कमी झाले पण आहेत. आता टाकीपर्यंत सगळा पाइप उघडू का? खाली झोपून काम आहे, म्हणून विचारतो.

गॅरेजची_धूळ
सगळं कशाला उघडता. अर्धं-अर्धं करा. पाच लिटरचा स्वच्छ कॅन घ्या, ताजं डिझेल भरा, बोनेटजवळ इंजिनपेक्षा उंच बांधा. टाकीकडून फिल्टरला येणारी नळी सोडून तिचं तोंड बंद करा आणि कॅनची नळी फिल्टरला जोडा. परतीची नळी पण कॅनमध्येच सोडा, नाहीतर कॅन रिकामा होईल. रात्रभर तसंच ठेवा. सायलेन्सर मॅनिफोल्डपासून लांब बांधा आणि असली गाडी रस्त्यावर नेऊ नका.

सकाळी कॅनवर झटक्यात सुरू झाली तर भोक टाकी ते फिल्टर यामध्ये. मात्र कॅन उंच असल्याने डिझेल स्वतःच्या वजनानेच खाली येतं, त्यामुळे फिल्टरपुढची बारीक गळती झाकली जाऊ शकते. म्हणून पारदर्शक नळीवरही लक्ष ठेवा.

हे करताना ऑइलची काडी काढून वास घ्या. पातळी वाढलेली असेल आणि डिझेलचा वास येत असेल तर पंपाच्या शाफ्टची सील गेली, डिझेल इंजिनात उतरतंय. तसं असेल तर गाडी चालवूच नका, पंप उतरवावाच लागेल.

रानमेवा
काका, तुम्ही गॅरेज बंद का केलंत? असं विचारून निदान करणारा माणूस आमच्या तालुक्यात नाही. लॅपटॉप जोडतात, नाहीतर पार्ट बदलून बघतात.

गॅरेजची_धूळ
गुडघे. अवांतर नको.

बांधावरून
ऑइल व्यवस्थित, वास नाही. कॅनवर सकाळी टिचकीला सुरू! नळीत एक बुडबुडा नाही. म्हणजे टाकी ते फिल्टर.

मागची चाकं दगड लावून अडवली, पुढून जॅकवर घेऊन घोड्यांवर ठेवली, खाली शिरलो. टाकीवरून निघणारी रबरी नळी भेगाळलेली, वाकवली की करकरते. ती तर बदलणारच. पण त्यापुढचा लोखंडी पाइप चेसिसच्या बाजूने येतो, आणि जिथे जिथे त्याला पत्र्याची क्लिप आहे तिथे चिखल भरून बसलाय. एका क्लिपखाली नख लावलं तर पापुद्रा निघाला, खाली काळपट भोक, सुईच्या टोकाएवढं. बाहेर डिझेल नाही, नुसती चिकट माती.

आता हा तुकडा गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून सांधून घेऊ का?

घाटवाट
नाही नाही नाही. डिझेलच्या पाइपला आणि टाकीला ठिणगी लावायची नाही. रिकामी टाकी भरलेलीपेक्षा वाईट, आत वाफ असते.

गॅरेजची_धूळ
घाटवाट बरोबर बोलले. सांधलं तरी शेजारी पाइप कागदासारखा झालेला असतो, महिन्याने दुसरं भोक. तो सगळा लांबीचा पाइप नवा टाका. दुकानात आपल्या गाडीचा वाकवलेला तयार मिळाला तर उत्तम. नाही मिळाला तर त्याच जाडीचा घेऊन जुन्यावर धरून हाताने वाकवा. वाळू भरून वाकवला तर चेपत नाही, पण नंतर वाळूचा एक कणही आत राहता कामा नये, हवेने फुंकून, डिझेलने धुऊन घ्या. घरी वाळू शक्यतो टाळाच, मोठ्या गोलाईत वाकवा.

रबरी नळी डिझेलची म्हणून सांगूनच घ्या. पाण्याची किंवा गॅसची नळी चालत नाही, आतून सुटून तिचे तुकडे फिल्टरमध्ये येतात. व्यास पाइपला घट्ट जाईल इतकाच. सैल नळी क्लिपने आवळून भागत नाही. आणि क्लिप नळीत रुतेपर्यंत आवळू नका, तिथेच चीर पडते.

जिथे बोल्टातून डिझेल जातं तिथल्या तांब्याच्या वायसर नव्या घ्या. नाही मिळाल्या तर जुन्या लाल करून पाण्यात टाका, मऊ होतात. लोखंड पाण्यात टाकलं की कडक होतं, तांब्याचं तसं नाही.

बांधावरून
आणि सगळं जोडल्यावर एअर कशी काढू? आतापर्यंत हात पंपावर भागत होतं.

गॅरेजची_धूळ
फिल्टरवरचा एअरचा स्क्रू सैल करा, हात पंप मारा, फेस येईल, मग सलग डिझेल येईल, तेव्हा दाबलेला असतानाच स्क्रू आवळा. मग पंप घट्ट होईपर्यंत मारा. सेल्फ दहा सेकंद, मग अर्धा मिनिट विश्रांती, नाहीतर सेल्फ जळेल. बहुतेक वेळा एवढ्यावर धरते.

नाही धरली तर नोझलकडची (सिलेंडरमध्ये डिझेल फवारतं ते) पाइपची नट १७च्या पान्याने अर्धा आटा सैल करा, दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा, डिझेल थुंकायला लागलं की आवळा. तोंड लांब, डोळ्याला चष्मा, आणि हात तिथे अजिबात नाही. त्या पाइपमध्ये दोनशेच्या वर बार दाब असतो. बारीक फवारा कातडीतून आत घुसतो, वरून डास चावल्यासारखं दिसतं आणि आतून बोट सडतं. असं झालं तर दुखत नसलं तरी तडक दवाखान्यात जायचं आणि डिझेल दाबाने आत गेलंय हे स्पष्ट सांगायचं.

अनुजा_वायरिंग
हे शेवटचं वाक्य धाग्याच्या वर चिकटवून ठेवायला हवं.

बांधावरून
झालं काम. तयार पाइप मिळाला नाही, सरळ घेऊन वाकवला. दुपार गेली. टाकीतल्या ओढीच्या नळीची जाळी पण काढून बघितली, त्यावर शेवाळासारखं काळं चिकट होतं, डिझेलने धुतलं. फिल्टरच्या तळाचं पाणी सोडलं, वाटीभर निघालं.

आज पहाटे बोरांवर दव होतं, हात गारठलेले, गाडी तोंड चढाला. हीटरचा दिवा गेला, किल्ली फिरवली, धरली. हात पंप दगडासारखा. सगळा खर्च दोन हजारांच्या आत, फिल्टर धरून.

ओहायोकर
ते काळं चिकट म्हणजे डिझेल आणि पाणी यांच्या सीमेवर वाढणारे जिवाणू-बुरशी. टाकी कायम अर्धी रिकामी ठेवली की रात्रीच्या गारव्यात आतल्या हवेतलं पाणी भिंतींवर जमतं. हंगाम नसताना गाडी उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवा.

तात्पुरता
पंपवाल्याला जाऊन सांगा आता.

बांधावरून
कशाला, त्याच्याकडेच पुढे क्लच घेऊन जायचंय.

पासिंग (आरटीओची फिटनेस तपासणी) पण आहे पुढच्या महिन्यात. पिवळी पाटी, आठ वर्षांच्या वरची, म्हणून दर वर्षी. धुराची चाचणी या दुरुस्तीने सुधारेल का?

गॅरेजची_धूळ
फारशी नाही. तिथे गरम इंजिन रेस करून काळा धूर मोजतात, तुमचं दुखणं थंड इंजिनाचं होतं. जुन्या डिझेलला मर्यादा ६५ एचएसयू (धुराची दाटी मोजायचं एकक). एअर क्लिनर नवा, टॅपेट सेट, आणि जाण्याआधी हायवेला गाडी चांगली ताणून न्या, सायलेन्सरमधली काजळी बाहेर पडते. एवढं करूनही काळा मारत असेल तर नोझल तपासून घ्या. नोझल घरी करायचं काम नाही.

घाटवाट
एक राहिलं. डिझेलचा पाइप ज्या क्लिपांमधून जातो त्यांतूनच मागच्या ब्रेकचा पाइपही जातो ना? तिथेही चिखल असणारच. तो बघितलात का?

बांधावरून
तुमचा प्रतिसाद वाचून टॉर्च घेऊन परत खाली गेलो. दोन क्लिपांखाली पापुद्रे आहेत. गळत नाही, ऑइलची बाटली भरलेली आहे.

गॅरेजची_धूळ
गळायची वाट बघू नका. हा दाबाचा पाइप आहे, ब्रेक जोरात मारला त्याच क्षणी फुटतो. आणि इथे रबरी नळीचा तुकडा, क्लिप, सांधा काहीही चालत नाही. टोकाला दुहेरी दुमड असलेला तयार ब्रेक पाइपच हवा, आणि नंतर चारही चाकांची एअर काढायची. जुन्या नटा गंजलेल्या असतात, साध्या पान्याने गोल होतात, पाइपचा खाचेवाला पाना लागतो. तो नसेल तर हे काम बाहेर करून घ्या.

बांधावरून
तो पाना नाही. उद्या मेकॅनिकलाच घरी बोलावतो, तोवर क्रेट भावाच्या ट्रॅक्टरवर.